कंबर इंदूरची, पाय हॅम्बुर्गचे

माझा भाचा जर्मनीत गेला आणि निम्मा झाला. वजनानं नव्हे. वजन त्याचं तिथल्या पाव-चीजवर चांगलंच चढलंय. निम्मा झाला तो नंबरानं. श्टुटगार्टच्या एका दुकानात त्यानं ४८ नंबरची पँट चढवली. कंबरेला नीट बसली, पण खाली वीतभर कापड बुटांच्या पुढे चालायला लागलं. दुकानातल्या बाईंनी त्याला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आत गेल्या आणि २४ नंबरची पँट घेऊन आल्या. ती चपखल बसली. जर्मनांची ही पद्धतच आहे. कंबर तेवढीच पण उंची बेताची असेल, तर नंबर निम्मा करायचा. ४८चा २४, ५०चा २५. उलट गृहस्थ उंच आणि सडपातळ असला की त्याला ९४, ९८, १०२ असे जवळजवळ दुप्पट आकडे. गाउससारखा गणिती ज्या देशात जन्मला, त्या देशानं आमच्या भाच्याला भर दुकानात, इतर गिऱ्हाइकांच्या देखत, दोननं भागलं.

इंदूरच्या लोकमान्यनगरात ताईला हे फोनवर समजलं, तेव्हा गणित तिच्या ध्यानात आलं नाही, पण अपमान लगेच आला. "आपल्या घरात कोणी निम्मं नाही, तुझे पणजोबा होळकरांच्या दरबारात होते," असं तिनं त्याला सुनावलं. इंदुरातल्या प्रत्येक मराठी घरात एक पणजोबा होळकरांच्या दरबारात असतोच. एवढी माणसं दरबारात होती, तर दरबाराबाहेर गावात कोण राहत होतं, ह्याचा शोध एखाद्या इतिहासकारानं घ्यायला हरकत नाही.

परदेशातल्या जेवणाचा प्रश्न इंदूरकरानं केव्हाच निकालात काढलाय. तो विमानात बसतो तेव्हा तेवीस किलोंच्या बॅगेत सात-आठ किलो शेव असते, जिरावणाच्या पुड्या मोज्यांत खोचलेल्या असतात, आणि कस्टमवाल्यानं विचारलंच तर ते आयुर्वेदिक औषध असतं. पण अंगावर घालायचं काय, ह्याचं उत्तर अजून कोणाला सापडलेलं नाही. दुबईला गेलेल्यांची गोष्ट वेगळी. २०१९च्या जुलैत इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उडालं ते दुबईलाच, आणि तिथे उतरलेल्या माणसाला मीना बाजारात आपल्याकडचाच टेलर टेप गळ्यात घालून उभा मिळतो. दुबई म्हणजे परदेश कसला, सराफ्याची जरा महाग शाखा. खरे हाल आहेत ते जर्मनी, अमेरिका, आयर्लंड इकडे गेलेल्यांचे.

तिकडे पँट आखूड करायला पंधरा युरो पडतात म्हणे. करून देणारा बहुतेक वेळा तुर्की असतो, हात चांगला असतो, पण पंधरा युरो म्हणजे किती रुपये हा हिशोब भाच्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. तेवढ्यात इथे अख्खी पँट शिवून, वर अस्तराचे खिसे, वर उरलेल्या कापडाची पिशवी. त्यामुळे त्यानं जो मार्ग काढला तो त्याच्या पिढीला शोभणाराच होता. तो अंगानं श्टुटगार्टला राहिला आणि माप इंदूरला पाठवलं.

आमचे मास्टरजी मल्हारगंजच्या एका गल्लीत बसतात. त्यांच्याकडे लाल कापडात बांधलेली मापांची वही आहे आणि त्या वहीत आमच्या भाच्याचं मापही आहे, फक्त ते मुंजीचं आहे. ते चालणार नाही असं मी म्हटल्यावर मास्टरजींनी वहीकडे असं पाहिलं, जणू चूक भाच्याच्या अंगाची आहे. मग व्हिडिओ कॉल लावला. मास्टरजींनी फोन हातभर लांब धरला, जवळ आणला, तिरपा केला आणि निकाल दिला, "भिया, फोटू से नाप नी होता." भाचा म्हणाला, मामा, मीच मोजून सांगतो. फर्निचरच्या दुकानात फुकट मिळणारी कागदी टेप त्यानं कमरेला गुंडाळली, श्वास रोखला (इथेच पुढच्या सगळ्या घोळाची पायाभरणी झाली) आणि ओरडला, "छियानवे!"

मास्टरजींनी खडू खाली ठेवला. "छियानवे? भिया, ये तो तंबू का नाप है."

सेंटिमीटर नावाची चीज असते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाचं अंग इंचात असतं आणि सेंटिमीटरमध्ये फक्त पाऊस पडतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. शेवटी छाती, कंबर, सीट, मांडी, मोहरी असा एकेक आकडा मी कॅल्क्युलेटरवर अडीचनं भागत गेलो, मास्टरजी तो वहीत लिहीत गेले आणि प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात दुरुस्त करत गेले. रोखलेल्या श्वासाचे दोन इंच त्यांनी स्वतःहून वाढवले. पँट शिवून झाली, कोणाच्या तरी बॅगेतून गेली, बसली. भाच्यानं आभाराचा संदेश पाठवला, "मामा, एकदम सई फिटिंग, फक्त ऑफिसात सगळे विचारून राहिले की कोणत्या ब्रँडची आहे." मास्टरजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, बोल दो मल्हारगंज.

आता प्रश्न असा की हे नंबर ठरवतं कोण? कोणीतरी शहाण्या माणसांनी बसून, जगभरची माणसं मोजून, विचार करून ठरवले असतील, असा आपला भाबडा समज असतो. तो सोडून द्यावा. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांच्या मापांसाठी पहिली मोठी मोजणी झाली १९३९-४० साली, आणि ती केली शेती खात्यानं. त्या खात्यात गृहशास्त्राचा एक विभाग होता. मका, गहू आणि डुकरं मोजून झाल्यावर त्यांच्या हाती टेप शिल्लक राहिली असावी. जवळपास पंधरा हजार बायकांची, प्रत्येकीची एकोणसाठ मापं घेतली. एकोणसाठ! आमच्या मास्टरजींचं आठ मापांत भागतं आणि त्यातली तीन ते नजरेनंच घेतात. ह्या मोजणीत हिशोबाला धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. १९४१ साली अहवाल छापला, १९५८ साली त्यावरून सरकारी प्रमाणमाप निघालं आणि १९८३ साली तेही मागे घेतलं, कारण तोवर ते कोणालाच बसेनासं झालं होतं. गोऱ्या बायकांनासुद्धा.

सरकार बाजूला झाल्यावर मैदान व्यापाऱ्यांना मोकळं. त्यांनी माणसाच्या मनाचं माप घेतलं, जे शेती खात्याला सुचलं नव्हतं. कपडा मोठा करायचा आणि नंबर लहान ठेवायचा. गिऱ्हाईक आरशात खूश, बिल भरताना खूश. १९५८ साली ज्या बाईला आठ नंबर बसायचा, ती आज दुकानात गेली तर शून्याच्या आसपास भरते. शून्याचंही भागेना म्हणून आता दोन शून्यांचा नंबर निघालाय. शून्य जगाला आम्ही दिलं असं सांगत आपण आजवर छाती फुगवत होतो. त्यांनी ते घेतलं आणि पँटीला लावलं.

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. एका दुकानात ती सहा नंबरची, समोरच्या दुकानात दहाची, आणि दोन्हीकडे बाह्या तिच्या बोटांच्या टोकांवरून खाली लोंबतात. शेवटी तिनं शहाणपण केलं. आता ती लहान मुलींच्या विभागात जाते. तिथला चौदा नंबर तिला नीट होतो, किंमतही निम्मी. एकच अडचण म्हणजे तिथल्या थंडीच्या कोटावर शिंग असलेला, चमचमणारा घोडा असतो. पुतणी बँकेत बरीच वरच्या हुद्द्यावर आहे. मीटिंगला जाताना ती कोट उलटा घडी करून हातावर घेते.

आपल्या अंगाचा दोष आहे की कपड्याचा, ह्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःचं अंग पणाला लावून पुरावा दिलेला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाट्यावर दोघे जुळे भाऊ, आत मात्र एकाच्या घरी काटकसर आणि दुसऱ्याच्या घरी दिवाळी. याज्ञिकांचा रोख मधुमेहाकडे होता. वरून सडपातळ दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असतो, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं, आणि त्यांनी ते दाखवलं. पण त्या लेखावर खरा हक्क शिंप्यांचा आहे. हातपाय काड्या, मधे मात्र भरवस्ती, असं ज्याचं अंग आहे त्याला हॅम्बुर्गच्या कारखान्यानं काय शिवावं? कंबर बघून पँट दिली तर पाय आत हरवतात, पाय बघून दिली तर बटण लागत नाही. 'स्लिम फिट' हा शब्द आपल्याकडे गुडघ्याखालच्या भागापुरता खरा आहे. आणि हे पुण्याच्या डॉक्टरांचे आकडे, बरं का. पुण्यात माणूस पाहुण्यालाही जेवला आहात ना असं विचारून घेतो. हाच प्रयोग इंदुरात झाला असता, तर 'लॅन्सेट'ला तो फोटो दोन पानांवर छापावा लागला असता.

ह्या सगळ्या भानगडीतून सहीसलामत सुटलेला एकच इंदूरकर मला माहीत आहे. यशवंतराव होळकर दुसरे. ऑक्सफर्डला शिकलेले, लांब हातापायांचे, शिडशिडीत. बेर्नार बुते द मोंव्हेल ह्या फ्रेंच चित्रकारानं त्यांना दोन वेगवेगळ्या पोशाखांत रंगवलं. १९२९ सालच्या चित्रात साहेबी ड्रेसकोट आणि खांद्यावर काळा झगा, नंतरच्या चित्रात मराठा पोशाख आणि पगडी, पांढऱ्या गादीवर. दोन्ही चित्रं निरखून पाहा, कुठे एक चुणी दिसत नाही. एकच माणूस दोन संस्कृतींत इतका बेमालूम बसलेला पाहून अभ्यासकांनी बरंच काही लिहिलंय. मास्टरजींना मी मोबाइलवर दोन्ही चित्रं दाखवली. ते म्हणाले, "इसमें क्या है भिया, दोनों बार नाप लिया है." राजाचं माप घेऊन कपडा शिवतात, प्रजेला कपड्याच्या मापाचं व्हावं लागतं, एवढाच काय तो फरक. त्याच राजेसाहेबांनी एकार्ट मुथेसियस ह्या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्या वेळी इंदूरकरानं जर्मनाला माप दिलं होतं, हे भाच्यानं श्टुटगार्टच्या त्या बाईंना सांगायला हवं होतं. आज माणिकबागेत केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे. २०२५च्या सप्टेंबरपासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आणि त्यावरच्याला अठरा. कपडा अंगाला बसतो की नाही, असा रकाना जीएसटीच्या फॉर्मात नाही.

बायकांचं म्हणाल तर साडीला नंबर नसतो, ह्या एका गोष्टीवर आपल्या पूर्वजांना सगळे गुन्हे माफ करायला मी तयार आहे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियात बर्फ पडतो. बाईंनी साडी गुजराती पद्धतीनं नेसायला घेतली, प्रश्न मिटला. कोणत्याही दुकानात कोणत्याही बाईनं त्यांना दोननं भागलं नाही. पण साडीबरोबर ब्लाउज आला आणि तिथे पुन्हा आपण अडकलो. पुतणीला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला महेश्वरी नेसायची असते. महेश्वरी कितीही भारी असो, तिकडे ब्लाउज शिवायला टाकला तर शिलाई ऐकून साडीच ब्लाउजवर फुकट मिळाल्यासारखी वाटते. म्हणून दर वर्षी ब्लाउजपीस इंदूरला येतात आणि ब्लाउज होऊन परत जातात. मुंढ्यात एक वहिनी निष्णात आहेत, त्या आधी पुतणीचा नवा फोटो मागून घेतात, तोही कार्यक्रमातला नाही, बेसावध असताना काढलेला. शिवायचं आजच्या मापाचं आणि आत दोन इंच सोडायचं पुढच्या वर्षासाठी. ह्या आत सोडलेल्या कापडाला अमेरिकेत जागा नाही. तिथला तयार कपडा इतका काटेकोर कापलेला असतो की उसवून पाहिलं तर आत शिवणीपुरतीच पट्टी मिळते. माणूस वर्षभरात वाढेल, अशी शक्यताच त्यांनी धरलेली नाही. वाढलात तर नवा घ्या.

कापडात इंदूरला शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ह्या गावात होळकरांच्या काळात कापडगिरण्या धडधडायला लागल्या. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार, गावाच्या अर्ध्या पत्त्यांत अजून एखाद्या गिरणीचं नाव असतं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तरी अनंत चतुर्दशीला त्या बंद गिरण्यांच्या कामगारांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात आणि अख्खं गाव रस्त्यावर बसून पाहतं. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. तिच्या चार हजार आठशे कामगारांचे थकलेले २२४ कोटी रुपये देण्याचा समारंभ झाला तो २५ डिसेंबर २०२३ला. जगाला मापात कापड पुरवणाऱ्यांचा हिशोब मापात यायला तीस वर्षं लागली, आणि त्यातले कितीतरी जण तोवर हयात नव्हते. ह्यावर विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

आता गिरण्यांची जागा रेडिमेडनं घेतली. परदेशीपुऱ्यात कपड्यांचे कारखाने आहेत, राजवाड्याच्या आसपास पाय ठेवायला जागा नाही इतकी दुकानं, एमटी क्लॉथ मार्केट अजून जोरात. मग इथे तरी सगळ्यांना सगळं बसत असेल? तसं नाही. सरकारनंच सांगितलंय की आपल्याकडची कपड्यांची मापं बाहेरच्या देशांच्या तक्त्यांत इकडे-तिकडे फेरफार करून घेतलेली आहेत आणि विकलेल्या कपड्यांपैकी वीस ते चाळीस टक्के परत येतात, मुख्यतः बसत नाहीत म्हणून. थोडक्यात, न बसणारा शर्ट घ्यायला आता व्हिसा लागत नाही. भाचा तिकडे जाऊन परका झाला, आम्ही लोकमान्यनगरात बसल्या बसल्या झालो. माझ्याकडच्या एका शर्टावर एक्सेल लिहिलंय, दुसऱ्यावर एम, आणि तो एमच जरा सैल आहे. ताईच्या मते मी एम असताना जास्त नम्रपणे बोलतो.

ह्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, भारतीय अंगांची मोजणी हाती घेतली. २०१८ साली घोषणा झाली. पंधरा ते पासष्ट वयाची पंचवीस हजार माणसं आणि त्रिमितीय स्कॅनर. त्यासमोर उभं राहिलं की काही सेकंदांत शंभरावर मापं. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, चीन ह्यांनी हे आधीच केलंय, म्हणजे आपल्याला न बसणारे कपडे ते आता पूर्ण शास्त्रीय पद्धतीनं काढतात. मोजणीसाठी सहा शहरं निवडली. दिल्ली आहे, मुंबई आहे, कोलकाता आहे, हैदराबाद आहे, शिलाँगसुद्धा आहे. इंदूर नाही.

इंदूर नाही! ज्या शहरात सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी कचोरी आणि रात्री दुकानं बंद झाल्यावर सराफ्यात त्याच दुकानांच्या ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि ताटाएवढी जिलेबी खाऊन माणूस दीड वाजता घरी परततो, त्या शहराच्या कंबरेचं माप न घेता देशाची सरासरी काढायची? माझी महापालिकेला सूचना आहे की तिनं वाट न पाहता स्वतःच एक स्कॅनर आणावा आणि तो छप्पन दुकान ह्या आमच्या खाऊगल्लीच्या तोंडाशी उभा करावा. प्रत्येकाचं माप दोनदा घ्यावं, आत जाताना आणि बाहेर येताना. दोन्ही आकडे शर्टाच्या कॉलरवर छापणं कारखान्यांना सक्तीचं करावं. स्वच्छतेत २०१७पासून सलग सात वर्षं आपला नंबर पहिला आला, ह्यातही यायला अडचण दिसत नाही.

ही योजना मी मास्टरजींना दुकानात बसून सविस्तर ऐकवली. एका नवरदेवाची शेरवाणी दोन्ही बगलांत उसवत असताना त्यांनी ती मान न वर करता ऐकली. देशात इंदूर एक नंबर येईल, असं मी शेवटी म्हटलं, तेव्हा त्यांनी तोंडातली टाचणी काढली.

"भिया, एक नंबर में तो झबला आता है."